बर्फावरची उडी : एका लेफ्टनंटपासून 'रॉ एअर'पर्यंत

गेल्या काही भागांत आपण लढायांविषयी बोललो. आज लढाई नाही, खेळ आहे. पण सुरुवात मात्र एका फौजी अधिकाऱ्यापासूनच होते, त्याला माझा इलाज नाही.

साल १८०८ च्या सुमाराचे. नॉर्वे तेव्हा डेन्मार्कच्या राजाच्या अमलाखाली होता आणि शेजारच्या स्वीडनशी तणातणी चालू होती. ओलाफ रीये नावाचा जेमतेम सतरा वर्षांचा लेफ्टनंट एडस्बर्गच्या चर्चजवळ आपल्या शिपायांसमोर स्की बांधून उभा राहिला, उतारावरून सुटला आणि बर्फाच्या उंचवट्यावरून त्याने उडी घेतली. अंतर भरले सुमारे साडेनऊ मीटर. मोजमाप करून लिहून ठेवलेली ही पहिली स्की उडी मानतात. शिपायांना 'आधी मी, मग तुम्ही' हे दाखवायचे, एवढाच त्यामागचा हेतू असावा असे मला वाटते. प्रत्येक पलटणीत असा एखादा पोरगेला अधिकारी असतोच. पुढे रीये डेन्मार्कच्या सैन्यात मेजर जनरल झाला आणि १८४९ मध्ये फ्रेडरिसियाच्या लढाईत पडला.

हे ऐकताना मला गुलमर्ग आठवते. १९४८ मध्ये तिथे फौजेची स्की शाळा सुरू झाली, आजचे हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल. तिथे मी स्की शिकलो असे म्हणण्यापेक्षा पडायला शिकलो, असे म्हणणे खरे ठरेल. वीतभर उंचवट्यावरून स्की जमिनीपासून सुटली की पोटात जो गोळा येतो, तो ज्याने अनुभवला त्यालाच कळतो. आज ज्या स्पर्धेविषयी बोलणार आहे, तिथे माणसे ताशी शंभर किलोमीटरच्या वेगाने टोकावरून हवेत झेपावतात.

त्या स्पर्धेचे नाव 'रॉ एअर'. २०१७ च्या मार्च महिन्यात नॉर्वेत ती पहिल्यांदा झाली. ओस्लोची होल्मेनकोलेन, लिलेहामर, ट्रॉन्डहाइम आणि विकरसुंद अशा चार टेकड्या आणि सलग दहा दिवस. जर्मनी-ऑस्ट्रियातली 'चार टेकड्यांची स्पर्धा' १९५३ पासून चालत आली आहे, पण तिथे मधे विश्रांतीचे दिवस असतात. इथे उडी मारा, सामान बांधा, पुढच्या गावी चला. शिवाय पात्रता फेरीचे गुणसुद्धा एकूण बेरजेत धरायचे, म्हणजे एकही उडी हलक्यात घेता येत नाही. ज्याने सक्तीच्या कूचचा अनुभव घेतला आहे, त्याला यातली मेख लगेच कळेल. पहिल्या दोन दिवसांचा पराक्रम इथे कामाला येत नाही, नवव्या दिवशी पाय किती शाबूत आहेत त्यावर निकाल लागतो.

गुण कसे देतात ते थोडक्यात सांगतो. प्रत्येक टेकडीवर एक ठरावीक खूण असते. तिथपर्यंत पोचलात तर साठ गुण, पुढे प्रत्येक मीटरला जादा, अलीकडे पडलात तर वजा. विकरसुंदसारख्या राक्षसी टेकडीवर साठाच्या जागी एकशेवीस. मग पाच पंच शैलीचे गुण देतात, त्यांतला सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी आकडा गाळतात. वारा समोरून आला तर उडी लांबते, म्हणून त्याचीही वजाबाकी-बेरीज होते. पहिल्याच वर्षी विकरसुंदला ऑस्ट्रियाच्या श्टेफान क्राफ्टने २५३.५ मीटरची उडी घेऊन विश्वविक्रम केला आणि स्पर्धाही जिंकली.

या टेकड्यांत मानाची होल्मेनकोलेन. तिथे १८९२ पासून स्पर्धा होत आल्या. जर्मनांनी नॉर्वे व्यापला तेव्हा खेळाडूंनी त्यांच्या स्पर्धांवर बहिष्कार टाकला, होल्मेनकोलेनची टेकडी स्पर्धेविना राहिली. १९३२ आणि १९३६ अशी दोन ऑलिम्पिक सुवर्णपदके मिळवणारा बिर्गर रूड ग्रिनीच्या छावणीत कैद भोगून आला. १९४८ च्या ऑलिम्पिकला तो शिकवायला म्हणून गेला होता. छत्तिसाव्या वर्षी स्वतःच उडी मारायला उतरला आणि रौप्यपदक घेऊन परतला.

आता मुख्य मुद्दा. पहिली दोन वर्षे 'रॉ एअर' फक्त पुरुषांची होती. बायका उड्या मारत नव्हत्या म्हणून? छे! १८६२ मध्येच ट्रिसिल गावी इंग्रिड वेस्टबी नावाच्या मुलीने लोकांसमोर उडी घेतली होती. योहाने कोलस्टाड हिने १९३८ मध्ये अमेरिकेत बहात्तर मीटर गाठले. तरीही 'हा खेळ बायकांच्या शरीराला सोसणार नाही' हे पालुपद चालूच. २००५ मध्येसुद्धा आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे अध्यक्ष वैद्यकीय कारण पुढे करत होते! २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिम्पिकआधी महिला खेळाडू कॅनडाच्या न्यायालयात गेल्या. न्यायालय म्हणाले, भेदभाव होतोय हे खरे, पण ऑलिम्पिक समितीला आमचा कायदा लागू होत नाही. गंमत पाहा, ज्या टेकडीवर ते ऑलिम्पिक व्हायचे होते, तिथला सर्वांत लांब उडीचा विक्रम त्या वेळी लिंडसे व्हॅन या अमेरिकन मुलीच्या नावावर होता, पुरुषांना धरून.

त्याच वर्षी ओस्लोत नवी होल्मेनकोलेन बांधून झाली. पहिली उडी कोणी घ्यायची यावर लोकांची मते घेतली आणि मान मिळाला आनेटे सागेन हिला. तिने बायकांना उडू द्यावे म्हणून वर्षानुवर्षे भांडण मांडले होते. पण ठरल्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी एका नामांकित पुरुष खेळाडूने चाचणीच्या नावाखाली गुपचूप उडी मारून घेतली. देशभर बोंब झाली. सागेनने दुसऱ्या दिवशी उडी मारलीच. पण हक्काच्या पहिल्या पंगतीत बसताना कोणीतरी आधीच पान उष्टे करून जावे, तसा तो प्रकार झाला.

२०१४ मध्ये ऑलिम्पिकचे दार उघडले. २०१९ मध्ये 'रॉ एअर'मध्ये महिला आल्या आणि नॉर्वेच्याच मारेन लुंडबीने पहिले विजेतेपद घेतले. पण विकरसुंद त्यांना बंदच. पुढे २०२० ची स्पर्धा कोविडमुळे अर्ध्यावर थांबली, २०२१ ची झालीच नाही. विकरसुंदला प्रत्यक्ष उतरायला २०२३ चा मार्च उजाडला, आणि तेही निवडक आघाडीच्या खेळाडूंपुरते. त्या दिवशी स्लोव्हेनियाच्या एमा क्लिनेत्सने २२६ मीटर उडी घेऊन महिलांचा विश्वविक्रम केला. वर्षभरात तिथेच सिल्ये ओपसेटने २३०.५ केले.

२०२५ मध्ये यजमान नॉर्वेचीच नाचक्की झाली. ट्रॉन्डहाइमच्या जागतिक स्पर्धेत त्यांच्या चमूने पोशाखात नियमबाह्य शिवण घातल्याचे उघड झाले. पोशाखात हवा थोडी जास्त धरली की उडी लांबते, म्हणून हा खटाटोप. काही दिवसांत 'रॉ एअर' सुरू व्हायची होती आणि घरचे काही खेळाडू निलंबित. शिस्तीची बाब आहे, मी त्यांची बाजू घेणार नाही.

त्याच 'रॉ एअर'मध्ये १४ मार्चला विकरसुंदला स्लोव्हेनियाची निका प्रेवत्स वीस वर्षांची होण्याच्या आतच २३६ मीटर गेली, महिलांचा नवा विश्वविक्रम. आणि पंधरवड्याने, ३० मार्चला, तिचा थोरला भाऊ डोमेन याने आपल्या देशातल्या प्लानित्सा टेकडीवर २५४.५ मीटर उडी घेऊन पुरुषांचा विक्रम मोडला. दोन्ही विक्रम एका घरात, भावाबहिणीत फरक साडेअठरा मीटरचा.