हजेरीपट, चाचणी आणि संसर्ग : इंग्लंडमधील शालेय कोरोना-पाहणी (२०२०–२०२२)

साथीचा रोग शाळेत शिरला की नाही हे ओळखण्याचे सर्वांत जुने साधन म्हणजे शाळेचा हजेरीपट. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्राथमिक शिक्षणाचा विस्तार झाला, तेव्हापासून स्थानिक आरोग्याधिकाऱ्यांना या साधनाचे महत्त्व उमगले होते. १८८९ च्या कायद्याने देवी, घटसर्प, लोहितांग ज्वर इत्यादी रोगांची खबर देण्याचे बंधन डॉक्टरांवर घालण्याची सोय झाली; परंतु मूळ यादीत गोवराचा समावेश नव्हता. तेव्हा एखाद्या वर्गातील दहा-बारा मुले एकाएकी येईनाशी झाली म्हणजे त्या वस्तीत गोवर सुरू झाला, असा तर्क करण्यावाचून गत्यंतर नसे. हा तर्क बहुधा खरा ठरे. तथापि हजेरीपट हे काही निःस्वार्थ साधन नव्हते. १८६२ च्या नियमावलीने शाळेचे सरकारी अनुदान मुलांच्या उपस्थितीशी आणि परीक्षेतील यशाशी बांधून टाकले होते, आणि पुढे कित्येक वर्षे ते तसेच राहिले. गैरहजर मुलाची किंमत शाळेला पैशांत मोजावी लागत होती. मोजणाऱ्याचा हितसंबंध मोजणीतच गुंतलेला असावा, हा दोष शालेय रोगनोंदीला जन्मापासूनच चिकटलेला आहे, आणि कोरोनाच्या काळातही तो वेगळ्या रूपाने दिसून येतो.

हजेरीपटाचा दुसरा दोष अधिक मूलगामी होय. तो आजारी मुले मोजतो, बाधित मुले मोजत नाही. १९५७ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत इंग्लंडमधील शाळा उन्हाळी सुटीनंतर उघडल्या आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये वर्गच्या वर्ग ओस पडले. शाळकरी वयाच्या मुलांना त्या साथीने सर्वांत अधिक ग्रासले. गैरहजेरीचा आकडा तेथे पुरेसा बोलका होता, कारण लागण झालेले मूल बहुधा अंथरुणाला खिळत असे. २००९ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीने मात्र हा भरवसा डळमळीत केला. त्या साथीच्या पहिल्या लाटेनंतर रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी झाली, तेव्हा लंडन व वेस्ट मिडलंड्ससारख्या अधिक प्रादुर्भावाच्या प्रदेशांत सुमारे तीन मुलांमागे एकाला संसर्ग होऊन गेल्याचे आढळले. दवाखान्यांतील नोंदींवरून बांधलेल्या अंदाजाच्या सुमारे दसपट हा आकडा होता. हे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. अर्थात दवाखान्यापर्यंत जी मुले येतात तेवढ्यांवरून शाळेतील संसर्गाचा अंदाज करणे धोक्याचे आहे, ही गोष्ट पुढील साथीच्या दहा वर्षे आधीच कागदोपत्री सिद्ध झालेली होती.

असे असूनही २० मार्च २०२० रोजी शाळेची घंटा वाजून मुले घरी गेली, तेव्हा शाळांतील संसर्गाविषयी हाताशी जवळजवळ काहीच माहिती नव्हती. अत्यावश्यक सेवेतील पालकांची आणि विशेष संरक्षणाची गरज असलेली मुले तेवढी शाळेत येत राहिली. चाचण्या तुटपुंज्या होत्या व त्या प्रामुख्याने रुग्णालयांत होत. मुलांना हा रोग सौम्य होतो एवढे लवकरच दिसून आले. परंतु सौम्य होतो म्हणून कमी होतो की केवळ कमी दिसतो, हा प्रश्न तसाच लोंबकळत राहिला. शिक्षकांचे भय आणि पालकांची चिंता या दोहोंचे मूळ याच अज्ञानात होते, आणि ते अज्ञान केवळ आश्वासनांनी दूर होण्यासारखे नव्हते.

१ जून २०२० पासून बालवर्ग व प्राथमिक शाळांचे काही वर्ग उघडू लागले, आणि त्याबरोबर ‘पब्लिक हेल्थ इंग्लंड’ या संस्थेने पहिली पद्धतशीर पाहणी हाती घेतली. १३१ शाळांतील १२,०२६ विद्यार्थी व कर्मचारी तीत सहभागी झाले. दर आठवड्याला त्यांच्या नाकातील स्राव तपासण्यात आला. एकूण ४३ हजारांवर नमुन्यांत बाधित निघाला एक विद्यार्थी आणि दोन कर्मचारी. हा निष्कर्ष दिलासा देणारा होता यात शंका नाही. पण त्याचे वजन जोखताना दोन गोष्टी ध्यानात घेतल्या पाहिजेत. एक तर त्या वेळी देशातील साथच ओसरलेली होती, आणि दुसरे म्हणजे वर्गांत मुलांची संख्या अत्यंत मर्यादित ठेवलेली होती. रिकाम्या घरात चोरी झाली नाही, यावरून कुलपाची परीक्षा होत नाही. त्याच पाहणीतील प्रतिपिंडांची मोजणी वस्तुतः अधिक अर्थपूर्ण आहे. ११.२ टक्के विद्यार्थ्यांत व १५.१ टक्के कर्मचाऱ्यांत ती आढळली. टाळेबंदीत शाळेत येत राहिलेली मुले आणि घरी राहिलेली मुले यांच्यात लक्षणीय फरक नव्हता, आणि हे प्रमाण भोवतालच्या वस्तीतील प्रमाणाशी जुळणारे होते. शाळा ही भोवतालच्या समाजाचे प्रतिबिंब दाखवते, हे सूत्र येथे प्रथम हाती लागले.

त्याची खरी कसोटी नोव्हेंबरमध्ये लागली. ५ नोव्हेंबर २०२० पासून देशात दुसरी टाळेबंदी जारी झाली, पण या वेळी शाळा उघड्या ठेवण्यात आल्या. नेमक्या त्याच महिन्यात ऑफिस फॉर नॅशनल स्टॅटिस्टिक्स, लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिन आणि पब्लिक हेल्थ इंग्लंड या तीन संस्थांनी मिळून शालेय संसर्ग पाहणीची पहिली फेरी घेतली. १०५ शाळा तीत होत्या; ६३ माध्यमिक, ४२ प्राथमिक. त्या दिवशी शाळेत हजर असलेल्या विद्यार्थ्यांपैकी १.२४ टक्के आणि कर्मचाऱ्यांपैकी १.२९ टक्के बाधित निघाले. सुमारे ४५ टक्के शाळांत एकही बाधित आढळला नाही. उरलेल्यांत कोठे एक, तर कोठे दोन ते पाच. त्याच सुमारास इंग्लंडच्या सर्वसाधारण लोकसंख्येतील प्रमाण सुमारे १.२ टक्के होते.

या आकड्यांचे दोन अर्थ एकाच दिवशी काढण्यात आले. शाळांत संसर्ग बाहेरच्यापेक्षा अधिक नाही, म्हणून शाळा सुरक्षित आहेत, असे एका पक्षाने म्हटले. शाळेत संसर्ग बाहेरइतकाच आहे, म्हणून शाळा सुरक्षित नाहीत, असे दुसऱ्याने म्हटले. या वादात कोणाचाही आकडा चुकीचा नव्हता. चूक होती ती पाहणीकडून तिच्या आवाक्याबाहेरचे उत्तर मागण्यात. पाहणीतील शाळा मुद्दाम निवडलेल्या काही स्थानिक क्षेत्रांतील होत्या व त्यांत अधिक प्रादुर्भावाच्या क्षेत्रांना झुकते माप दिलेले होते; त्यामुळे राष्ट्रीय सरासरीशी केलेली तुलना सरळ राहत नाही. शिवाय चाचणी झाली ती हजर असणाऱ्यांची. ज्याला ताप आला किंवा जो संपर्कामुळे घरी बसला, तो त्या दिवसाच्या मोजणीतून आपोआप गळला. म्हणजे जुना हजेरीपट केवळ गैरहजर मुलांकडे पाहत होता, तर नवी पाहणी आरंभी केवळ हजर मुलांकडे पाहू लागली! पुढील काळात घरी चाचणीसाहित्य पाठवून ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न झाला. संमतीचा प्रश्न मात्र सुटण्यासारखा नव्हता. शाळेने, पालकाने आणि मुलाने मान्यता दिल्यावाचून नमुना मिळत नसे, आणि मान्यता देणारे हे न देणाऱ्यांसारखेच असतील अशी हमी कोण देणार? शेवटी, बाधित मुलाला लागण वर्गात झाली, बसमध्ये झाली की घरी, हे नाकातील स्राव सांगू शकत नाही.

शिक्षकांच्या बाबतीतही हेच घडले. शिक्षकांचे संसर्गाचे प्रमाण इतर व्यावसायिकांहून वेगळे असल्याचा पुरावा नाही, असे सांख्यिकी कार्यालयाच्या विश्लेषणात नोव्हेंबर २०२० मध्ये म्हटले होते. ‘पुरावा नाही’ याचा अर्थ ‘फरक नाही’ असा करून ते वाक्य सार्वजनिक चर्चेत वापरले गेले. संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा भेद पहिल्या वर्षी शिकविला जातो.

डिसेंबरमध्ये दुसरी फेरी झाली. पण विषाणूचा अधिक वेगाने पसरणारा प्रकार तोवर आग्नेय इंग्लंडमधून देशभर फैलावत होता. ४ जानेवारी २०२१ रोजी अनेक प्राथमिक शाळा नाताळच्या सुटीनंतर उघडल्या आणि त्याच संध्याकाळी पंतप्रधानांनी त्या बंद करण्याची घोषणा केली. एक दिवसाची ती शाळा शैक्षणिक प्रशासनाच्या इतिहासात दीर्घकाळ उल्लेखिली जाईल. त्या निर्णयामागे रुग्णालयांवरील भार होता; शाळांतील पाहणीचा त्यात निर्णायक भाग होता असे दिसत नाही. पाहणीची गती आठवड्यांची, तर साथीची गती दिवसांची होती.

८ मार्च २०२१ रोजी शाळा पुन्हा उघडल्या, तेव्हा पाहणीच्या जोडीला छाननी आली. माध्यमिक विद्यार्थ्यांनी प्रथम शाळेत तीन वेळा आणि नंतर घरी आठवड्यातून दोनदा झटपट चाचणी करावयाची, असा नियम झाला. या दोहोंचा उद्देश भिन्न आहे, हे पुष्कळदा विसरले जाते. पाहणीचा हेतू प्रमाण जाणून घेणे हा असतो, तर छाननीचा हेतू बाधित व्यक्तीला वेगळे काढणे हा असतो. घरी केलेल्या चाचणीचा निकाल कळविणे कुटुंबाच्या हाती होते, आणि निकाल बाधित आला की मुलाची शाळा बुडे, क्वचित पालकाची मजुरीही बुडे. १८६२ नंतरच्या शाळेची अडचण येथे घराच्या उंबरठ्यावर येऊन पोहोचली होती.

बाधिताच्या संपर्कातील सर्व मुलांना दहा दिवस घरी ठेवण्याच्या नियमाने शिक्षणाची जी हानी केली, ती एका दिवसाच्या आकड्यांतून स्पष्ट होते. १५ जुलै २०२१ रोजी इंग्लंडच्या सरकारी शाळांतील सुमारे साडेदहा लाख मुले कोरोनाच्या कारणाने गैरहजर होती. त्यांपैकी निश्चित बाधित होती सुमारे ४७ हजार; नऊ लाखांहून अधिक मुले केवळ संपर्कात आल्याच्या शक्यतेमुळे घरी होती. याच प्रश्नावर त्या उन्हाळ्यात २०१ शाळांत यादृच्छिक विभागणीचा प्रयोग झाला. काही शाळांत संपर्कातील मुलांना घरी धाडले, तर काहींत रोज चाचणी करून वर्गात बसू दिले. दुसऱ्या पद्धतीने संसर्गाला आळा घालण्यात पहिलीहून लक्षणीय उणेपणा दिसला नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले, अठरा वर्षांखालील संपर्कितांना घरी बसविण्याचा नियम त्याआधीच ऑगस्टमध्ये रद्द झाला होता.

शाळा व समाज यांच्या संबंधाचे जे सूत्र इंग्लंडमध्ये हाती आले, त्याची उलट बाजूने तपासणी भारतात नकळत झाली. महाराष्ट्रात २३ नोव्हेंबर २०२० पासून नववी ते बारावीचे वर्ग उघडताना शिक्षकांना आर.टी.-पी.सी.आर. चाचणी सक्तीची केली होती; पण ती दारावरची एकवेळची तपासणी होती, पाहणी नव्हे. प्राथमिक वर्ग तर बहुतेक ठिकाणी मार्च २०२० पासून भरलेच नव्हते. तरीही भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने जून-जुलै २०२१ मध्ये सत्तर जिल्ह्यांत (त्यांत बीड, परभणी, नांदेड, सांगली, जळगाव व अहमदनगर हे महाराष्ट्रातील सहा) चौथी प्रतिपिंड-पाहणी केली, तेव्हा सहा ते नऊ वर्षांच्या ५७.२ टक्के आणि दहा ते सतरा वर्षांच्या ६१.६ टक्के मुलांत प्रतिपिंडे आढळली. या मुलांना लस मिळालेली नव्हती. शाळा बंद असताना निम्म्याहून अधिक मुलांना संसर्ग होऊन गेला होता. शाळाबंदीने संसर्ग काही काळ लांबला असेल, ही शक्यता या आकड्यांनी नाकारली जात नाही. मात्र बंद शाळेमुळे मूल सुरक्षित राहते, हा समज त्यांच्यापुढे टिकत नाही. प्राथमिक शाळा आधी उघडणे शहाणपणाचे ठरेल, असे परिषदेच्या महासंचालकांनी त्याच जुलैत सुचविले. महाराष्ट्रात पहिलीचे वर्ग त्यानंतरही डिसेंबरपर्यंत थांबले.

इंग्लंडमधील पाहणी पुढील शैक्षणिक वर्षातही चालू राहिली. २०२१ च्या अखेरीस प्राथमिक शाळांतील सुमारे ४० टक्के व माध्यमिक शाळांतील ८० टक्क्यांहून अधिक विद्यार्थ्यांत प्रतिपिंडे आढळली. माध्यमिकच्या आकड्यात लसीकरणाचा वाटा होता. प्राथमिकच्या आकड्याचे श्रेय मुख्यतः संसर्गालाच द्यावे लागते. १ एप्रिल २०२२ पासून मोफत चाचण्या बहुतांशी थांबल्या, आणि २०२२-२३ च्या वर्षापासून हजेरीपटातील कोरोनाची वेगळी नोंदही गेली. त्यानंतर कोरोनाने घरी राहिलेले मूल हजेरीपटावर केवळ ‘आजारी’ म्हणून नोंदले जाऊ लागले.