स्वस्त खोली शोधण्याआधी आपला इतिहास तपासा

मंद्रूपच्या एसटी स्टँडवरून दरवर्षी आपली काही पोरं पिशव्या घेऊन सोलापूरकडे निघतात. पुढे हुतात्मा एक्सप्रेसने पुणे, नाहीतर रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसने मुंबई. निघण्याआधी आम्हाला एकच प्रश्न येतो: "दादा, स्वस्तात खोली कुठं मिळंल?" आजवर आम्ही एकच उत्तर देत आलो. ओळखीचं कोण आहे बघ, त्याच्याजवळ राहा. हे उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. खोलीचा प्रश्न आपल्यासाठी कधीच नुसत्या भाड्याचा नव्हता. मागची सव्वाशे वर्षे काढून बघा.

सुरुवात रामजी सुभेदारांपासून करू. लष्करातून पेन्शनवर आलेला हा माणूस साताऱ्याहून मुलांना घेऊन मुंबईला आला आणि लोअर परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहिला. पेन्शनच्या पैशात गावाकडे याहून मोठे घर मिळाले असते. पण त्यांनी जागा निवडली ती मुलाच्या शाळेसाठी. भिवाला एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये घातले आणि १९०७ साली तो मॅट्रिक झाला. खोली लहान, पण शाळा मोठी. आपल्या चळवळीच्या इतिहासातला घर निवडण्याचा हा पहिला धडा आम्ही मानतो.

१९१२ पासून हे कुटुंब परळच्या बीआयटी चाळीत होते. या चाळी बांधणारा इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ साली स्थापन झाला. दोन लहान खोल्यांत बाबासाहेबांचा संसार १९३४ पर्यंत होता. मूकनायक, बहिष्कृत हितकारिणी सभा, महाड या सगळ्या काळात त्यांचा घरचा पत्ता गिरणगावातल्या चाळीचाच होता. सभेचे कार्यालयही परळच्या दामोदर हॉलमध्ये, म्हणजे हाकेच्या अंतरावर. आपली माणसे जिथे राहत होती तिथेच नेता राहत होता.

आता आपल्या सोलापूरकडे या. १८६० च्या सुमारास रेल्वे सोलापूरला पोचली आणि पुढे १८७७ साली इथे जुनी मिल सुरू झाली. ज्यांना गावात वतनाच्या नावाखाली वेठ करावी लागत होती, त्यांना पहिल्यांदा रोख मजुरीची वाट दिसली. कोणी सोलापूरच्या गिरणीत गेले, कोणी त्याच रुळांवरून पुढे मुंबईला. मात्र गिरणीतही जात होतीच. मुंबईत जास्त पगाराच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नसत. धागा तोंडाने ओढावा लागतो, मग बाटतो म्हणे! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. हिशेब सरळ आहे. पगार कमी, म्हणून भाडे देण्याची ऐपत कमी, म्हणून वस्ती सगळ्यात वाईट जागेची. आपल्या बापजाद्यांनी 'स्वस्त' वस्ती आवडीने निवडली नव्हती. जातीने पगार ठरवला आणि पगाराने पत्ता.

१९७२ च्या दुष्काळात सोलापूर जिल्हा होरपळला, तेव्हा खडी फोडून पोट भरेना म्हणून घरेच्या घरे उठली. ज्यांचे नातेवाईक आधी मुंबई-पुण्यात होते, त्यांना टेकायला निदान कोपरा मिळाला. पुढे १९८२ चा गिरणी संप झाला, गिरण्या मोडल्या आणि गिरणगावातला कामगार कल्याण, अंबरनाथ, बदलापूर, विरार असा दूर दूर सरकला. आज आपल्या पोराला 'परवडणारे उपनगर' म्हणून जे दाखवले जाते, ते बऱ्याच अंशी या ढकलाढकलीतून उभे राहिले आहे.

या वस्त्यांनी काय दिले? ताकद दिली. वरळीच्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकात सरकारने बांधल्या, खोली जेमतेम १६० चौरस फुटांची. जानेवारी १९७४ मध्ये पँथरवर हल्ले झाले तेव्हा याच चाळी लढल्या आणि त्या लढ्यात भागवत जाधव शहीद झाले. घाटकोपरच्या चिरागनगरात राहून अण्णाभाऊंनी लिहिले. पण किंमतही वस्तीनेच मोजली. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्याच रमाबाई आंबेडकर नगरात पुतळ्याच्या विटंबनेचा निषेध करणाऱ्या लोकांवर गोळीबार झाला, दहा जण गेले. एकत्र राहिलो म्हणून आवाज मोठा झाला, आणि एकत्र होतो म्हणून बंदुकीला नेम धरणेही सोपे गेले.

मग वस्तीबाहेर जावे का? तिथलाही इतिहास आहे. १९१७ साली परदेशात शिकून आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात घर मिळाले नाही. पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहावे लागले आणि जात कळताच काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढले. पदवी होती, पगार होता, छप्पर नव्हते. सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात भाड्याच्या घरांचा अभ्यास करून २०१५ साली निष्कर्ष मांडले. पैसे असूनही दलित आणि मुस्लिम भाडेकरूंना नकार मिळतो किंवा जास्तीच्या अटी घातल्या जातात. म्हणजे शंभर वर्षांनंतर काठी गेली आणि तिच्या जागी "तुमचं आडनाव काय?" आले.

कायदा काय करतो? संविधानाच्या कलम १९ ने देशात कुठेही राहण्याचा अधिकार दिला. पण कलम १५(२) मधल्या दुकाने, हॉटेले, विहिरी, रस्ते या यादीत भाड्याच्या घराचा स्पष्ट उल्लेख नाही. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सभासदत्व एका समाजापुरते ठेवणारा नियम मान्य केला. राहते ठिकाण सोडायला भाग पाडणे ॲट्रॉसिटी कायद्याने गुन्हा आहे. घर द्यायलाच नकार दिला तर मात्र लढाई अवघड आहे. ही फट बुजवण्याची मागणी आपल्या अजेंड्यावर का नाही?

काही मित्र म्हणतात, बाबासाहेबांनी तर स्वतंत्र वसाहती मागितल्या, मग आपण आपल्यातच राहावे. हे अर्धेच वाचन आहे. १९४२ च्या नागपूर परिषदेत आणि १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये स्वतंत्र वसाहतींची जी मागणी झाली, तिच्यामागे सवर्णांवरचे अवलंबित्व तोडण्याचा हेतू होता. जमीन आणि साधने नसलेली वेगळी वस्ती म्हणजे शहरातला महारवाडाच. आणि स्वतः बाबासाहेबांनी घर बांधले ते दादरच्या हिंदू कॉलनीत, पुस्तकांसाठी. चाळीशी असलेले नाते मात्र तोडले नाही.

म्हणून मंद्रूपहून निघणाऱ्या पोरापोरींनो, खोली बघताना चार गोष्टी विचारा. पहिली, पूर्ण हिशेब. समजा भाडे ३,००० रुपयांनी कमी आहे, पण रिक्षा-बसला रोज ८० रुपये जादा लागतात. २५ दिवसांचे २,००० तिथेच गेले. वर रोजचे दोन तास जास्तीचे गेले, ते अभ्यासाचे होते. दुसरी, जवळ ग्रंथालय, अभ्यासिका, कॉलेज आहे का? रामजींचा निकष हाच होता. तिसरी, हाकेला धावून येणारी माणसे, विहार, मंडळ पोचण्याच्या अंतरावर आहे का? चौथी, करार लेखी आणि नोंदणीकृत आहे का? १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने नोंदणीची जबाबदारी घरमालकावर टाकली आहे. तोंडी बोलीवर राहणाऱ्याला रातोरात काढणे सोपे असते.

आणि आडनाव लपवू नका. लपवून मिळालेली खोली बडोद्याच्या धर्मशाळेसारखी असते, कधी दारात काठी येईल सांगता येत नाही.

जे आधी शहरात स्थिरावले आहेत त्यांनाही आमचे सांगणे आहे. गावाहून येणाऱ्या एका पोराला पहिले तीन महिने जागा द्या. ७२ च्या दुष्काळात कोणीतरी आपल्या माणसांना कोपरा दिला होता. ते कर्ज अजून फिटलेले नाही.

जय भीम!