जॅझचा चेहरा टिपणारा लेखक: विल्यम गॉटलिब यांची दहा वर्षे

#थ्रेड #इतिहास #छायाचित्रण

१/ बिली हॉलिडे, थेलोनियस मंक, जँगो राइनहार्ट. जॅझ संगीतातील ही नावे आंतरजालावर शोधली की १९४६ ते १९४८ या काळातील ठरावीक कृष्णधवल छायाचित्रे पुन्हा पुन्हा समोर येतात. त्यांतील बरीचशी एकाच माणसाने टिपलेली आहेत आणि तो माणूस पेशाने छायाचित्रकार नव्हता. विल्यम गॉटलिब हे वृत्तपत्रात संगीतावर लिहीत असत. लेखासोबत चित्र हवे, एवढ्यासाठी त्यांनी कॅमेरा हाती घेतला. एका संपूर्ण संगीतयुगाचा चेहरा त्यांच्याकडून कसा घडला, त्याचा हा इतिहास.

२/ गॉटलिब यांचा जन्म १९१७ साली ब्रुकलिनचा. शिक्षण पेनसिल्व्हानियातील लीहाय विद्यापीठात, विषय अर्थशास्त्र. तेथे कच्चे राहिलेले डुकराचे मांस खाण्यात आल्याने त्यांना ट्रिकिनोसिस हा आजार जडला आणि दीर्घकाळ अंथरुणाला खिळून राहावे लागले. भेटीला येणाऱ्या एका मित्राने त्यांना जॅझची गोडी लावली. पुढे जे घडले, त्याचा आरंभ या आजारपणात झाला. त्यांचे कान आधी तयार झाले, डोळे नंतर.

३/ १९३८ साली पदवी घेऊन ते ‘वॉशिंग्टन पोस्ट’च्या जाहिरात विभागात रुजू झाले. लवकरच त्याच वृत्तपत्रात जॅझवर साप्ताहिक सदर लिहू लागले. आरंभी सदरासाठी वृत्तपत्राचा छायाचित्रकार सोबत येई. पण रात्री-अपरात्री क्लबांत छायाचित्रकार पाठवण्याचा खर्च व्यवस्थापनाला परवडेना आणि ती सोय बंद झाली. तेव्हा गॉटलिब यांनी स्वतःच ‘स्पीड ग्राफिक’ कॅमेरा चालवायला शिकून घेतला.

४/ हे यंत्र समजून घेतल्याशिवाय ती छायाचित्रे समजत नाहीत. स्पीड ग्राफिक हा त्या काळातील वृत्तछायाचित्रकारांचा नेहमीचा कॅमेरा. त्यात फिल्मचा रोल नसे, ४ × ५ इंचांची सुटी फिल्म असे. एका होल्डरमध्ये दोनच फिल्म, पुढे एक व मागे एक. प्रत्येक चित्रासाठी होल्डर बसवायचा, झाकणपट्टी ओढायची, शटर चढवायचे, अंतराचा अंदाज घ्यायचा. फ्लॅशचा बल्ब एकदाच पेटे. नंतर तो तापलेला बल्ब काढून नवा लावायचा. तोवर वादकाची तान संपलेली असे.

५/ फिल्म आणि बल्ब दोन्ही महाग आणि खर्च स्वतःच्या खिशातून. त्यामुळे एका रात्रीत मोजकीच छायाचित्रे काढता येत. आज एका मैफलीत हजारो चित्रे काढून त्यांतून निवड केली जाते. गॉटलिब यांना निवड आधीच करावी लागे. गायिका कोणत्या ओळीवर डोळे मिटते, ट्रम्पेटवादक कोणत्या जागी उसळतो, हे ठाऊक असल्याखेरीज बल्ब पेटवणे म्हणजे पैसे जाळणे होते. संगीत समीक्षकाचे ज्ञान येथे थेट उपयोगी पडले. या टंचाईने त्यांना आधी ऐकायला लावले.

६/ त्या काळचे वॉशिंग्टन वर्णभेदाने दुभंगलेले शहर होते. गोरे आणि कृष्णवर्णीय एकत्र बसून संगीत ऐकतील अशा जागा विरळा. अपवादांपैकी एक होता तुर्की दूतावास. राजदूतांचे पुत्र नेसुही आणि अहमत एर्टेगुन जॅझचे वेडे होते. ते ड्यूक एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदातील कलावंतांसारख्यांना तेथे आमंत्रित करीत. गॉटलिब यांच्या कॅमेऱ्याने ती संमेलनेही टिपली. याच अहमत यांनी पुढे १९४७ साली ‘अटलांटिक रेकॉर्ड्स’ या ध्वनिमुद्रण संस्थेची सहस्थापना केली.

७/ १९४३ साली गॉटलिब लष्करी हवाईदलात दाखल झाले आणि तेथेही छायाचित्रणाशी त्यांचा संबंध राहिला. युद्ध संपल्यावर ते न्यूयॉर्कला आले आणि १९४६ मध्ये ‘डाउनबीट’ या प्रसिद्ध जॅझ नियतकालिकाच्या संपादकवर्गात गेले. नेमणूक लेखक-संपादकाची होती, छायाचित्रकाराची नव्हे. कॅमेरा पूर्वीसारखाच लेखणीच्या सोबतीला राहिला. पण शहर बदलले आणि काळही अचूक साधला गेला.

८/ न्यूयॉर्कच्या ५२ व्या रस्त्यावर, पाचव्या व सहाव्या अव्हेन्यूच्या दरम्यान, जुन्या तपकिरी दगडी घरांच्या तळमजल्यांवर आणि तळघरांत क्लब थाटलेले होते. थ्री ड्यूसेस, ऑनिक्स, फेमस डोअर, जिमी रायन्स, डाउनबीट (नियतकालिकाशी फक्त नामसाम्य). खोल्या अरुंद, छत ठेंगणे, टेबले खेटून. रसिक वादकापासून हाताच्या अंतरावर. गॉटलिब यांची चित्रे इतकी जवळची का वाटतात, याचे एक उत्तर या वास्तुरचनेत आहे. मागे सरकायला जागाच नव्हती.

९/ आता एक महत्त्वाचा ऐतिहासिक संदर्भ. ऑगस्ट १९४२ मध्ये अमेरिकेतील वादकांच्या संघटनेने मानधनाच्या वादातून ध्वनिमुद्रणावर बहिष्कार घातला. मोठ्या कंपन्यांशी समझोता व्हायला १९४४ चा नोव्हेंबर उजाडला. नेमक्या याच काळात हार्लेममध्ये बीबॉप ही वेगवान, स्वरसंगतीच्या दृष्टीने गुंतागुंतीची शैली आकार घेत होती. तिच्या जन्मकाळाचे व्यावसायिक ध्वनिमुद्रण त्यामुळे फारच तुटपुंजे आहे. जे कानांना पुरेसे मिळाले नाही, त्याच्या पाठोपाठच्या वर्षांची दृश्ये तरी गॉटलिब यांच्यामुळे मिळतात.

१०/ थेलोनियस मंक हे याचे उत्तम उदाहरण. सप्टेंबर १९४७ पर्यंत या पियानोवादकाचे नाव वादकांच्या वर्तुळाबाहेर फारसे कोणाला ठाऊक नव्हते. गॉटलिब यांनी त्यांना गाठले, बीबॉपचे एक जन्मस्थान मानल्या जाणाऱ्या हार्लेममधील मिंटन्स प्लेहाउसमध्ये नेले, छायाचित्रे घेतली आणि ‘डाउनबीट’मध्ये त्यांच्यावर लेख लिहिला. स्वतःच्या नावावरचे मंक यांचे पहिले ध्वनिमुद्रण ऑक्टोबर १९४७ चे. म्हणजे वाचकांनी त्यांचा चेहरा आधी पाहिला आणि तबकडी नंतर ऐकली.

११/ त्या भेटीतील एका चित्रात मिंटन्सच्या दाराशी चौघे उभे आहेत: मंक, हॉवर्ड मॅगी, रॉय एल्ड्रिज आणि टेडी हिल. हे मैफलीचे चित्र नव्हे. चौघांना दारात उभे करून ते घेतलेले आहे. ‘चालू मैफलीत टिपलेले’ आणि ‘मांडून घेतलेले’ हा भेद इतिहासाच्या विद्यार्थ्याने सतत ध्यानात ठेवावा. पहिल्यात वादनाच्या क्षणाची साक्ष असते. दुसऱ्यात कलावंताला जगापुढे कसे यायचे होते आणि लेखकाला त्याला कसे दाखवायचे होते, याची. दोन्ही साधने मोलाची, पण त्यांना विचारायचे प्रश्न वेगळे.

१२/ व्यक्तिचित्रांत गॉटलिब यांचा हात विशेष चाले. रंगपटात आरशासमोरचे एलिंग्टन पाहावेत: माणूस आणि त्याचे प्रतिबिंब एकाच चौकटीत, रंगमंचाबाहेरही तितकेच नीटनेटके. नोव्हेंबर १९४६ मध्ये एलिंग्टन यांच्याबरोबर अमेरिकेचा दौरा करणारे जँगो राइनहार्ट न्यूयॉर्कमधील ‘ॲक्वेरियम’मध्ये टिपले गेले. १९२८ च्या आगीत त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटे जायबंदी झाली होती. उरलेल्या बोटांवर त्यांनी नवे वादनतंत्र उभारले. गिटारच्या पट्टीवरचा तो हात या चित्रांत पाहायला मिळतो.

१३/ चालू मैफलीतील क्षण पाहायचा तर सुमारे सप्टेंबर १९४७ चे, डाउनबीट क्लबमधील छायाचित्र घ्यावे. एला फिट्झजेराल्ड गात आहेत. शेजारी डिझी गिलेस्पी भारावल्या नजरेने त्यांच्याकडे पाहत आहेत. त्याच चौकटीत बासवादक रे ब्राउनही आहेत. डिसेंबर १९४७ मध्ये एला आणि ब्राउन विवाहबद्ध झाले. पाहणाऱ्याचे लक्ष डिझींच्या नजरेवर खिळते आणि होणारा नवरा मागेच राहतो. चित्रातील माणसांची नावे नोंदवलेली नसती, तर हा तपशील हरवला असता.

१४/ फेब्रुवारी १९४७ मधील बिली हॉलिडे यांचे चित्र हे बहुधा गॉटलिब यांचे सर्वांत गाजलेले काम. गाणारा चेहरा अगदी जवळून टिपलेला. सूर लावताना गळ्यावर आणि चेहऱ्यावर येणारा ताण स्पष्ट दिसतो. आवाज ऐकू येत नसतानाही गाणे चालू असल्याची खात्री पटते. या चित्रानंतर अवघ्या तीन महिन्यांनी, मे १९४७ मध्ये, अमली पदार्थांच्या प्रकरणात त्यांना अटक झाली आणि कारावास भोगावा लागला.

१५/ मार्च १९४८ मध्ये सुटका झाल्यावर त्या कार्नेगी हॉलमध्ये गायल्या. पण न्यूयॉर्कमध्ये मद्य विकणाऱ्या क्लबांत गाण्यासाठी पोलिसांनी दिलेले ‘कॅबरे कार्ड’ लागे आणि ते त्यांना पुन्हा मिळाले नाही. हजारोंच्या सभागृहात गाता येत होते, पण ज्या लहानशा खोल्यांत त्यांचे गाणे फुलले होते, त्यांची दारे बंद झाली. म्हणून १९४७ चे ते चित्र केवळ सुंदर नाही. लवकरच हिरावल्या जाणाऱ्या एका जागेचा तो पुरावा आहे.

१६/ तुलनेसाठी हर्मन लेनर्ड पाहू. १९४८ च्या सुमारास तेही न्यूयॉर्कच्या क्लबांत चित्रे घेऊ लागले. क्लबमालकांना छायाचित्रे द्यायची आणि बदल्यात प्रवेश मिळवायचा, असा त्यांचा व्यवहार. ते प्रकाश वादकाच्या पाठीमागून आणीत. त्यामुळे सिगारेटचा धूर चकाकून उठे. जॅझ म्हटले की धूर आठवतो, यात लेनर्ड यांचा वाटा मोठा. २००५ मध्ये कतरिना चक्रीवादळाच्या पुरात त्यांची सुमारे ८,००० छापील चित्रे नष्ट झाली. निगेटिव्ह संग्रहालयात हलवल्या होत्या, म्हणून वाचल्या.

१७/ लेनर्ड यांची कारकीर्द सुरू होत असतानाच, १९४८ साली, गॉटलिब यांनी जॅझचे जग सोडले. रात्रीचे जागरण सोडून कुटुंबाला वेळ द्यायचा होता. पुढे ते शाळांसाठी शैक्षणिक चित्रफिती तयार करू लागले आणि मुलांसाठी पुस्तकेही लिहिली. इकडे ५२ व्या रस्त्याचाही बहर ओसरला. संगीताच्या क्लबांची जागा अंगप्रदर्शनाच्या खेळांनी घेतली आणि कालांतराने कार्यालयांच्या इमारती उभ्या राहिल्या. निऑन दिव्यांनी उजळलेल्या त्या रस्त्याचे सुमारे जुलै १९४८ चे त्यांचे रंगीत चित्र आज वास्तूंच्या अनुपस्थितीत साक्ष देते.

१८/ तीन दशके निगेटिव्ह पडून होत्या. १९७९ साली ‘द गोल्डन एज ऑफ जॅझ’ हे पुस्तक आले आणि दुसरे आयुष्य सुरू झाले. नव्वदच्या दशकात बिली हॉलिडे यांच्यासह काही कलावंतांची अमेरिकी टपाल तिकिटे त्यांच्या चित्रांवरून निघाली. १९९५ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसने १,६०० हून अधिक चित्रांचा संग्रह खरेदी केला. गॉटलिब २००६ मध्ये निवर्तले. त्यांच्याच इच्छेनुसार १६ फेब्रुवारी २०१० पासून ही चित्रे स्वामित्वहक्कातून मुक्त झाली.

१९/ येथेच एक सावधगिरी हवी. विनाशुल्क चित्र सर्वत्र वापरले जाते, हक्कांत अडकलेले मागे पडते. परिणामी जॅझ म्हणजे १९४७ चे न्यूयॉर्क, अशी प्रतिमा रूढ होते. शिकागो, कॅन्सस सिटी किंवा लहान गावांतील वादक या चौकटीत क्वचितच येतात. शिवाय संग्रहातील अनेक चित्रांवर तारीख म्हणून केवळ ‘१९४६ ते १९४८ दरम्यान’ एवढीच नोंद आहे. काही ठिकाणांपुढे तर प्रश्नचिन्ह आहे. चित्र टिपणारा साक्षेपी पत्रकार असूनही ही स्थिती!

२०/ म्हणून संगीतकाराचे जुने छायाचित्र समोर आले की चार प्रश्न विचारावेत. खर्च कोणी केला? चित्र चालू मैफलीतले की मांडून घेतलेले? चौकटीबाहेर कोण राहिले? आणि आज ते आपल्यापर्यंत कोणत्या हक्काने पोहोचले? आपल्याकडेही गाण्याच्या बैठकींची चित्रे घराघरांतील अल्बमांत आणि संगीतमंडळांच्या कपाटांत असतात. अशी चित्रे हाती लागली, तर ज्यांना आठवते आहे ते हयात असतानाच त्यांच्याकडून तारीख, ठिकाण, साथीदारांची आणि टिपणाऱ्याची नावे विचारून, मऊ पेन्सिलीने मागे लिहून ठेवावीत.

(समाप्त)