साकुरा : फुलण्याचा अर्थ, गळण्याचा अर्थ

जपानी संस्कृतीत साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, हे क्षणभंगुरतेचे प्रतीक होय, असे आपण वर्गात सहज सांगून जातो. हे विधान चुकीचे नाही, पण अपुरे आहे. प्रतीकावर काळाच्या ओघात अर्थ चढत जातो आणि कधीकधी तो हेतुपूर्वक चढवलाही जातो. साकुराचा इतिहास याची साक्ष देतो.

आठव्या शतकातील 'मान्योशू' या काव्यसंग्रहात साकुरापेक्षा 'उमे'च्या, म्हणजे प्लमच्या फुलाच्या, कविता अधिक आहेत. तो चिनी अभिरुचीचा प्रभाव होता. इ. स. ९०५ च्या सुमारास सिद्ध झालेल्या 'कोकिनशू'मध्ये मात्र साकुराने उमेला मागे टाकले. पुढे कवितेत नुसते 'फूल' म्हटले तरी साकुराच समजावा, असा संकेत रूढ झाला. या परंपरेत गळणाऱ्या पाकळ्यांविषयी हळहळ आहे. मात्र पाकळ्यांसारखे गळून जावे, असा आदेश तीत नाही.

अठराव्या शतकातील विद्वान मोतोओरी नोरिनागा याने 'मोनो नो आवारे' ही संकल्पना साहित्यविचाराच्या केंद्रस्थानी आणली. वस्तुजाताच्या स्पर्शाने मनाचे हेलावणे, असा तिचा स्थूल अर्थ. १७९० साली स्वतःच्या चित्रावर त्याने एक छोटी कविता लिहिली. जपानी मन कसे असते, या प्रश्नाला तिने दिलेले उत्तर म्हणजे सकाळच्या उन्हात उजळलेला रानसाकुरा. या कवितेत पाकळी गळत नाही आणि मरणाचा उल्लेखही नाही.

ऑक्टोबर १९४४ मध्ये जपानी नौदलाने पहिल्या आत्मघातकी विमानपथकांना शिकिशिमा, यामातो, आसाही आणि यामाझाकुरा अशी नावे दिली. हे चारही शब्द याच कवितेतले. १९४५ मध्ये वापरल्या गेलेल्या, वैमानिकासह लक्ष्यावर कोसळणाऱ्या रॉकेट-विमानाचे नावही 'ओका', म्हणजे साकुराचे फूलच, होते. कवितेतले एक अक्षरही बदलले नव्हते, बदलले होते ते वाचन. फुलण्याची कविता मरणाची कविता म्हणून वाचली गेली.

या वाचनाला वृक्षाचीही साथ मिळाली. नोरिनागाचा रानसाकुरा कोवळ्या पालवीसोबत फुलतो आणि त्याची झाडे मागेपुढे बहरतात. मेइजी काळापासून (१८६८–१९१२) सर्वत्र लावला गेला तो 'सोमेइ-योशिनो' ही कलमी जात. ही सारी झाडे जनुकीयदृष्ट्या एकसारखी असल्यामुळे एका परिसरात ती एकदम फुलतात आणि एकदम झडतात. एकसाथ गळणाऱ्या पाकळ्यांचे हे दृश्य सैनिकी कल्पनेला सोयीचे ठरले, यात नवल नाही.

युद्ध संपले. बहराखाली बसून खाण्यापिण्याची, गाण्याची 'हानामी'ची जुनी प्रथा आजही चालू आहे आणि साकुराची झाडे शाळांच्या आवारांतही उभी आहेत. म्हणूनच 'साकुरा म्हणजे क्षणभंगुरता' हे समीकरण विद्यार्थ्यांपुढे मांडताना, ते कोणी, केव्हा आणि कशासाठी मांडले, हा प्रश्नही सोबत ठेवावा, असे आम्हांला वाटते. नोरिनागाची ती कविता पुन्हा एकदा, नुसती जशी आहे तशी, वाचायला द्यावी.