संगणकाला लावलेला मोबाइल चार्ज का होत नाही? अभ्यासिकेसाठी तपासणीची सोपी पद्धत

शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत संपायला दोन दिवस उरलेले असतात. विहाराच्या अभ्यासिकेत एकच संगणक आणि समोर पाच-सहा मुलं. ज्याचा नंबर येतो तो आपला मोबाइल केबलने संगणकाला लावतो, त्याच मोबाइलचं इंटरनेट संगणकाला देतो आणि त्याच मोबाइलवर ओटीपीची वाट पाहतो. स्क्रीनवर चार्जिंगचं चिन्ह दिसत असतं, पण बॅटरी 18 टक्क्यांवरून 11 वर आणि 11 वरून 6 वर येते. ओटीपी यायच्या आत मोबाइल बंद पडतो आणि अर्ज अर्धवट राहतो.

वस्त्यांमध्ये काम करताना हा प्रसंग मी अनेकदा पाहिला आहे. एका विद्यार्थिनीला दुरुस्तीच्या दुकानात बॅटरी बदलायला सांगितलं गेलं. आईच्या मजुरीतले पैसे काढून तिने ती बदललीही, पण तक्रार तशीच राहिली. शेवटी दुसरी केबल लावून पाहिली आणि प्रश्न पाच मिनिटांत सुटला. मोबाइल ठीकच होता. बॅटरीही ठीक होती. क्रमाने तपासून पाहणारं कोणी नव्हतं, एवढंच.

आपल्या मुलांसाठी मोबाइल म्हणजे बँक, आधार, हॉल तिकीट आणि वर्ग असं सगळं एकाच डब्यात असतं. तो एक दिवस बंद राहिला तर नुकसान खरं असतं. म्हणून प्रत्येक अभ्यासिकेत निदान दोघांना तरी ही तपासणी यायला हवी.

आधी समजून घ्या: संगणकाचं पोर्ट म्हणजे चार्जर नव्हे

यूएसबी पोर्ट मुळात माउस, कीबोर्ड, पेन ड्राइव्ह यांसाठी बनलं. वीज त्यातून मिळते, पण मोजून मिळते. नेहमीचं यूएसबी 2.0 पोर्ट 5 व्होल्टला 500 मिलीअँपिअर, म्हणजे 2.5 वॅट देतं. यूएसबी 3.0 पोर्ट 900 मिलीअँपिअर, म्हणजे 4.5 वॅट देतं. या पोर्टची आतली पट्टी बऱ्याचदा निळी असते. आजच्या मोबाइलचे भिंतीवरचे चार्जर मात्र 10 वॅटपासून पुढे कितीतरी जास्त वॅटचे असतात.

आता हिशेब करू. 5000 मिलीअँपिअर-तासांच्या बॅटरीत साधारण 19 वॅट-तास ऊर्जा मावते. 2.5 वॅटच्या पोर्टवर, वाटेतली गळती धरून, ती शून्यापासून पूर्ण भरायला नऊ तासांच्या आसपास लागतात, आणि तेही मोबाइल वापरात नसताना. मोबाइलवर हॉटस्पॉट चालू असेल, स्क्रीन पूर्ण उजेडावर असेल आणि सिग्नल कमजोर असेल, तर तो जवळपास तेवढीच किंवा त्याहून जास्त वीज खातो. मग चिन्ह चार्जिंगचं दिसतं आणि टक्के खाली जातात. हा बिघाड नव्हे, जमाखर्चाचा प्रश्न आहे.

टॅबला तर आणखी जास्त वीज लागते. 2010 साली आलेल्या पहिल्या आयपॅडसोबत 10 वॅटचा चार्जर होता. बहुतेक संगणकांना जोडल्यावर त्याच्या स्क्रीनवर चार्जिंग होत नसल्याचं लिहून येई. लोकांना वाटे आयपॅड बिघडला. खरं तर पोर्टच अपुरं पडत होतं.

दुसरी गोष्टही लक्षात ठेवा. जोडलेलं उपकरण आधी संगणकाला आपली ओळख देतं आणि मग पूर्ण वीज मागतं. यूएसबी 2.0 च्या नियमानुसार ओळख पटेपर्यंत फक्त 100 मिलीअँपिअर घ्यायची मुभा असते. ओळख पटण्यात अडथळा आला की चार्जिंग रखडू शकतं.

तपासणीचा क्रम

एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन-तीन गोष्टी एकदम बदलल्या तर दोष कशात होता हे कळत नाही.

1. भिंतीवरच्या चार्जरवर लावून पाहा. तिथे नीट चार्ज होत असेल तर मोबाइल आणि बॅटरी बहुधा ठीक आहेत. दोष केबल, पोर्ट किंवा संगणकाच्या सेटिंगमध्ये शोधा. तिथेही होत नसेल तर दोष चार्जर, केबल किंवा मोबाइलमध्ये असू शकतो.

2. केबल बदला. सर्वाधिक वेळा दोष इथेच सापडतो. पिनेजवळ वाकून वाकून आतली तार तुटते आणि वरून काही दिसत नाही. केबल हलवल्यावर चार्जिंग येत-जात असेल तर ती बाद समजा. काही स्वस्त केबलींमध्ये विजेच्या तारा असतात, पण डेटाच्या नसतात. अशी केबल भिंतीवर चालते, पण संगणकाशी ओळखच होऊ देत नाही. मग काही उपकरणं चार्ज होत नाहीत किंवा फारच सावकाश होतात. ओळखायची खूण सोपी आहे: मोबाइलवर फाइल ट्रान्सफर निवडूनही त्या केबलने फोटो संगणकावर जात नसतील तर ती बहुधा फक्त चार्जिंगची केबल आहे. फार लांब आणि बारीक केबलही वीज कमी पोचवते.

3. मोबाइलचं भोक पाहा. खिशातले धागे आणि धूळ आत दाबून बसते आणि पिन पूर्ण आत जात नाही. मोबाइल बंद करा, उजेडात पाहा आणि कोरड्या लाकडी काडीने हलक्या हाताने कचरा काढा. सुई, टाचणी किंवा पिन वापरू नका. पाणी, थुंकी, तेलही नको.

4. पोर्ट बदला. डेस्कटॉपवर पुढची पोर्टं आतल्या वायरने जोडलेली असतात आणि ती वायर सैल असू शकते. मागच्या बाजूची पोर्टं थेट मुख्य बोर्डावर असतात, म्हणून तिथे लावून पाहा. कीबोर्डावरचं पोर्ट किंवा चार तोंडांचा साधा हब टाळा. स्वतःचा वीजपुरवठा नसलेला हब एकाच पोर्टची वीज सगळ्यांत वाटतो, त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला फार थोडी येते. त्याच वेळी जोडलेली बाहेरची हार्ड डिस्क काढून ठेवा.

5. संगणक जागा आहे का ते पाहा. संगणक स्लीपमध्ये गेला किंवा लॅपटॉपचं झाकण मिटलं की बऱ्याच पोर्टांची वीज बंद होते. काही लॅपटॉपवर एखादं पोर्ट बंद अवस्थेतही चालू राहतं आणि त्याच्याजवळ विजेचं किंवा बॅटरीचं छोटं चिन्ह असतं.

6. दोन्ही रीस्टार्ट करा. तरीही पोर्ट मेलेलं वाटलं तर संगणक बंद करा, त्याची वायर बोर्डातून काढा, पॉवरचं बटण 15-20 सेकंद दाबून धरा आणि पुन्हा जोडा. पोर्टावर जास्त भार आल्यामुळे संगणकाने ते स्वतः बंद केलं असेल तर अनेकदा ते असं परत सुरू होतं. पोर्टावर पॉवर सर्ज झाल्याची सूचना वारंवार येत असेल तर ती केबल आणि ते उपकरण पुन्हा लावू नका. आत कुठेतरी शॉर्ट असू शकतो.

7. विंडोजचं सेटिंग पाहा. चार्जिंग सुरू होऊन थोड्या वेळाने बंद पडत असेल तर ही पायरी उपयोगी पडते. डिव्हाइस मॅनेजर उघडा, यादीत तळाशी यूएसबी कंट्रोलर्सच्या खाली यूएसबी रूट हब शोधा आणि त्याच्या पॉवर मॅनेजमेंट पानावर वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची परवानगी देणारी खूण काढा. पॉवर ऑप्शन्समध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड हे सेटिंगही बंद करून पाहता येतं.

8. पूर्ण उतरलेल्या मोबाइलला वेळ द्या. बरेच दिवस बंद पडलेला मोबाइल जोडल्याबरोबर काहीच दाखवत नाही. तो भिंतीवरच्या चार्जरवर अर्धा तास ठेवा आणि मग निष्कर्ष काढा.

टाइप-सी केबलचा एक घोळ

ब्लूटूथ स्पीकर, कॉलर माइक किंवा टॉर्चला टाइप-सी भोक आहे. लॅपटॉपलाही टाइप-सी आहे. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली केबल लावली, तरी काहीच होत नाही. कारण टाइप-सी पोर्ट समोर वीज घेणारं उपकरण आहे याची खूण पटल्याशिवाय वीज सोडत नाही. ही खूण देणारे छोटे रेझिस्टर काही स्वस्त उपकरणांमध्ये बसवलेलेच नसतात. उपाय एकच: एका टोकाला जुनं चौकोनी यूएसबी असलेली केबल वापरा. सभेच्या आदल्या रात्री माइक मेला म्हणून नवा घेण्याआधी हे करून पाहा.

उलटाही घोळ होतो. टाइप-सीमध्ये वीज दोन्ही दिशांना जाऊ शकते, त्यामुळे कधी मोबाइल किंवा पॉवर बँकच समोरच्या उपकरणाला चार्ज करू लागते. अँड्रॉइड मोबाइलवर केबल जोडल्यावर वरून येणाऱ्या यूएसबीच्या सूचनेत जा. तिथे जोडलेलं उपकरण चार्ज करण्याचा पर्याय निवडलेला असेल तर तो बदला.

उन्हाळा, पाणी आणि फुगलेली बॅटरी

नागपूर, चंद्रपूर, अकोला इथे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो. पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त गरम होतं. लिथियम बॅटरी साधारण 45 अंशांच्या वर सुरक्षितपणे चार्ज होत नाही, म्हणून मोबाइल स्वतःच चार्जिंग कमी करतो किंवा थांबवतो. त्याला कव्हर काढून सावलीत, पंख्याखाली ठेवा. फ्रीजमध्ये ठेवू नका.

भिजलेला मोबाइल पूर्ण वाळेपर्यंत चार्जिंगला लावू नका. तांदळाच्या डब्यात ठेवल्याने फायदा होत नाही, उलट बारीक कण भोकात जातात. बॅटरी फुगून मागचं झाकण उचललं गेलं असेल तर चार्जिंग ताबडतोब थांबवा. ती दाबू नका, टोचू नका. इथे खर्च टाळणं धोक्याचं आहे.

कार्यकर्त्यांसाठी: चार्जिंग आणि माहिती वेगळी ठेवा

केबलमधून विजेसोबत माहितीही जाते. सायबर कॅफेतल्या किंवा अनोळखी संगणकाला मोबाइल लावला की तो विचारतो: फक्त चार्जिंग की फाइल ट्रान्सफर? आयफोन विचारतो, या संगणकावर विश्वास ठेवायचा का? गरज नसेल तर फक्त चार्जिंग निवडा आणि विश्वासाला नकार द्या. तरीही चार्जिंग चालू राहतं. आयफोन बराच वेळ लॉक असेल तर काही वेळा संगणकाला जोडूनही चार्ज होत नाही. तेव्हा तो अनलॉक करून पुन्हा जोडा.

आपल्या मोबाइलमध्ये पीडितांचे जबाब, जातीचे दाखले, सभासदांचे क्रमांक असतात. 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर जाताना स्वतःचा चार्जर किंवा भरलेली पॉवर बँक सोबत ठेवा. अनोळखी यूएसबी पोर्टापेक्षा साध्या सॉकेटात लावलेला आपला चार्जर बरा. माहिती न जाणारी फक्त चार्जिंगची केबल इथे मात्र उपयोगी ठरते.

मुदत जवळ असताना

अर्ज भरायला बसण्याआधी मोबाइल भिंतीवरच्या चार्जरवर निदान निम्मा भरून घ्या. इंटरनेट एकाच्या मोबाइलवरून घ्या आणि ओटीपीचा मोबाइल मोकळा ठेवा. स्क्रीनचा उजेड कमी करा, बॅटरी सेव्हर लावा. लाइट गेली असेल तर लॅपटॉप पॉवर बँकसारखा वापरता येतो, पण झाकण उघडं आणि लॅपटॉप जागा ठेवावा लागतो. त्यात लॅपटॉपची बॅटरीही उतरते, म्हणून आधी अर्ज, मग चार्जिंग.

अभ्यासिकेने काय ठेवावं

तपासून घेतलेला एक चार्जर. डेटा जाणाऱ्या दोन चांगल्या केबली: एक चौकोनी यूएसबी ते टाइप-सी, एक जुन्या बारीक पिनेची. लाकडी काड्या. आणि वरचे आठ मुद्दे लिहिलेला कागद, संगणकाशेजारी भिंतीवर. हा खर्च वर्गणीतून सहज निघतो. बाद केबलवर लाल चिकटपट्टी लावून ती बाजूला काढा, नाहीतर तीच केबल पुढच्या मुलाच्या हाती जाते.

कालामांना बुद्धांनी सांगितलं ते आपण प्रवचनात ऐकतो: कोणी सांगितलं म्हणून मानू नका, स्वतः तपासा. बॅटरी गेली असं दुकानात कोणी म्हणालं, तर तिथेही हेच लागू आहे. आधी दुसरी केबल, मग दुसरं पोर्ट, मग दुसरा चार्जर. एवढं करूनही मोबाइल चार्ज झाला नाही तरच दुकान गाठा, आणि काय काय तपासलं ते दुकानदाराला सांगा. ज्याला कारण माहीत आहे, त्याच्या खिशातून विनाकारण पैसे जात नाहीत.