अनवाणी पायांची खरी हकिकत

आपल्याकडे फुटबॉलचा विषय निघाला की कोणीतरी हमखास सांगतो, "१९५० साली आपला संघ जागतिक चषक स्पर्धेला जायचा होता, पण आपले खेळाडू अनवाणी खेळत, म्हणून त्यांना मनाई झाली." ही गोष्ट इतक्या वेळा कानावर पडते की ती खरीच असणार असे आपण धरून चालतो. परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याने ऐकीव गोष्ट एकदा तरी पारखून घ्यावी. या अनवाणी पायांची खरी हकिकत अधिक मनोरंजक आहे, आणि थोडी अंतर्मुख करणारीही आहे.

हा खेळ आपल्या देशात इंग्रजी पलटणींबरोबर आला. गोरे शिपाई बूट घालून खेळत, आपली मुले अनवाणी खेळत. बूट महाग होते हे एक कारण. कोरड्या मैदानावर उघड्या पायाने चेंडूवर चांगला ताबा राहतो, हे दुसरे. २९ जुलै १९११ रोजी कलकत्त्यास मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे हरवून आय. एफ. ए. शील्ड जिंकली, तेव्हा त्यांच्या अकरा जणांत बूट घातलेला खेळाडू एकच होता. त्याचे नाव सुधीर चटर्जी.

मात्र पाऊस पडून चिखल झाला की उघडे पाय घसरत, आणि कलकत्त्याची लीग तर ऐन पावसाळ्यात चाले. १९३४ साली मोहमेडन स्पोर्टिंग हा ती लीग जिंकणारा पहिला हिंदी संघ ठरला आणि १९३८ पर्यंत सलग पाच वर्षे त्याने ती सोडली नाही. ओल्या मैदानावर बूट घालून उतरण्याची तयारी, हे त्या यशामागील एक कारण मानले जाते. आपल्या मुंबईतही त्याच सुमारास नवल घडले. १८९१ साली सुरू झालेला रोव्हर्स कप इतकी वर्षे गोऱ्या संघांकडेच जात असे. १९३७ साली बंगलोर मुस्लिम्सने तो जिंकला. हिंदी संघाने हा कप जिंकण्याची ती पहिलीच वेळ.

मोहमेडन स्पोर्टिंगचेच एक खेळाडू महंमद सलीम १९३६ साली एका नातलगाबरोबर स्कॉटलंडमध्ये ग्लासगोस पोहोचले. तेथील विख्यात सेल्टिक क्लबचे व्यवस्थापक होते विली मॅली. बुटांवाचून खेळणारा हिंदी माणूस चाचणी द्यायला आला आहे, याचे त्यांना नवलच वाटले असणार. चाचणीत सलीम उतरले. पायांना नुसत्या पट्ट्या बांधून ते हॅमिल्टन आणि गॅल्स्टन या संघांविरुद्ध खेळले. तेथल्या एका वृत्तपत्राने त्यांना 'हिंदी बाजीगर' म्हणून गौरविले. परंतु परमुलखात त्यांचे मन रमेना, आणि काही महिन्यांतच ते कलकत्त्यास परतले. पुढे म्हातारपणी ते आजारी असताना त्यांच्या मुलाने सेल्टिकला पत्र लिहिले. उत्तरासोबत १०० पौंडांचा चेक आला. मुलाने तो वटविला नाही. पैसे नको होते, वडिलांची आठवण त्यांना आहे की नाही एवढेच पाहायचे होते, असे त्याने नंतर सांगितले. सलीम १९८० साली वारले.

आता १९५० कडे वळू. त्या वर्षी ब्राझीलमधील स्पर्धेसाठी गटातील इतर संघांनी माघार घेतली आणि एकही सामना न खेळता भारताला प्रवेश मिळाला. प्रवासखर्चाचा मोठा भार उचलण्याची तयारीही ब्राझीलने दर्शविली होती. तरीही संघ गेला नाही. सरावाला पुरेसा वेळ नाही, संघनिवडीवर एकमत नाही, अशी कारणे फेडरेशनने दिली. खरे म्हणजे त्या काळी आपल्या कारभाऱ्यांच्या लेखी ऑलिम्पिकच सर्वांत मोठे होते. जागतिक चषकाचे मोल त्यांना उमगले नाही. बुटांची सबब खरी नव्हती, असे त्या काळचे नामवंत खेळाडू शैलेन मन्ना यांनीच पुढे सांगितले. निर्णय चुकला डोक्याचा, आणि पन्नास-साठ वर्षे दोष राहिला पायांच्या माथी!

बुटांचा धडा मिळाला तो १९५२ साली. हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ असे हरविले. आपले बरेच खेळाडू तेथेही अनवाणी होते. त्यानंतर फेडरेशनने बूट सक्तीचे केले. परंतु नुसत्या बुटांनी सामने जिंकता येत नाहीत, शिकविणारा लागतो. तो हैदराबादेस होता. सय्यद अब्दुल रहीम हे पेशाने शाळामास्तर. त्यांनी तयार केलेल्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईस येऊन रोव्हर्स कप नेला. मुलांचा डावा-उजवा असे दोन्ही पाय तयार व्हावेत म्हणून ते दुबळ्या पायानेच खेळण्याच्या स्पर्धा भरवीत. हेलसिंकीच्या पराभवातही तेच शिक्षक होते, हे विसरू नये. त्यांनी त्या पराभवातून धडा घेतला.

अवघ्या चार वर्षांनी, १९५६ साली मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये त्यांच्याच संघाने ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरविले. त्या सामन्यात मुंबईकडून खेळणाऱ्या, मूळच्या गोव्याच्या नेव्हिल डिसोझा यांनी तीन गोल केले. भारत चौथा आला. १९६२ साली जकार्ता येथे दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून आशियाई सुवर्णपदक मिळविले, तेव्हा रहीमसाहेबांना कर्करोगाने ग्रासलेले होते. पुढच्याच वर्षी, जून १९६३ मध्ये ते निवर्तले.

विद्यार्थी मित्रांनो, पुढच्या वेळी मैदानावर कोणी ती जुनी गोष्ट सांगू लागला, तर त्याला अडवू नका, ऐकून घ्या. मग त्याला सलीम यांच्या पायांच्या पट्ट्यांविषयी सांगा, आणि त्या शाळामास्तरांविषयीही सांगा. आपले दोष दुसऱ्याच्या माथी मारणारी गोष्ट ऐकायला गोड लागते. पराभव मोजून पाहणारा मास्तर मात्र दुबळा पायही कामाला लावतो.