प्रवाशाचा आकडा कसा वाचायचा? कानोच्या बाजारातून एक धडा

जुनं प्रवासवर्णन हाती आलं की आयते आकडे मिळाल्याचा आनंद होतो. पण तो आकडा तुमच्या प्रबंधात उतरवण्याआधी जरा थांबा. एक उदाहरण घेऊ.

हाइनरिश बार्थ हा जर्मन अभ्यासक ब्रिटिश मोहिमेसोबत 1850 मध्ये त्रिपोलीहून निघाला. सहारा ओलांडून फेब्रुवारी 1851 मध्ये तो कानोला, म्हणजे आजच्या उत्तर नायजेरियात पोचला. 1853 मध्ये तिंबक्तू गाठून 1855 मध्ये तो लंडनला परतला. त्याच्या ग्रंथातले कानोचे दोनच आकडे पाहू.

पहिला आकडा लोकसंख्येचा. कुणी 30,000 लिहितं, कुणी 60,000. चूक कोणाची? कोणाचीच नाही! बार्थ दोन्ही आकडे देतो: एरवी 30,000 आणि जानेवारी ते एप्रिल या व्यापाराच्या हंगामात 60,000. म्हणजे शहर हंगामानुसार फुगतं. बार्थ स्वतः नेमका हंगामातच पोचला होता, हेही लक्षात ठेवा.

दुसरा आकडा कापडाचा. निळीत रंगवलेलं कानोचं कापड उत्तरेला त्रिपोलीपर्यंत, पश्चिमेला तिंबक्तूपर्यंत जायचं. त्याची वर्षाची निर्यात बार्थ किमान 30 कोटी कवड्यांची धरतो. बाप रे! पण त्यानेच दिलेला दर लावा: 2,500 कवड्यांना चांदीचा एक डॉलर. उत्तर येतं 1,20,000 डॉलर. आकडा तोच, पण एकक बदललं की त्याचा रुबाब बदलतो. शिवाय हा अंदाज आहे, जकातीच्या वहीतली नोंद नाही. त्यावरून व्यापाराचा आवाका कळतो, दरवर्षीची चढउतार कळत नाही.

आणि आपल्या भाषेपासूनही सावध राहा. ‘कवडीमोल’ म्हणणाऱ्या आपल्याला कवडी क्षुल्लक वाटते. पण चांदीचा डॉलर देऊन मूठभर धान्य कसं घेणार? रोजच्या बाजाराला लहान नाणंच लागतं आणि ते काम कवडी करायची. ती यायची मालदीवहून. इब्न बतूता तर 14व्या शतकात मालदीवलाही राहिला होता आणि मालीतही त्याने कवड्यांचा व्यवहार पाहिला होता.

तेव्हा प्रत्येक आकड्यापुढे समासात तीन गोष्टी लिहा: कोणत्या महिन्यातला, कोणत्या एककात, मोजलेला की ऐकलेला. उत्तर सापडलं नाही, तर आकडा वापरा, पण ‘अंदाजे’ हा शब्द गाळू नका. पुढचा अभ्यासक तुमच्यावर विसंबून राहणार आहे.